ओंजळ पुढे करताना

शिकोकू बेटावर पायी यात्रा करणाऱ्यानं पूल ओलांडताना काठी टेकवायची नसते, उचलून धरायची असते. ओढ्यावरचा चार पावलांचा साकव असो की हमरस्त्यावरचा काँक्रीटचा पूल, नियम तोच. कारण असं सांगतात की बाराशे वर्षांपूर्वी कोबो दाइशी हे भिक्षू या मुलखात हिंडत असताना आजच्या ओझू गावापाशी त्यांना कोणी रात्रीपुरताही आसरा दिला नाही. थंडीत, उपाशीपोटी ते एका पुलाखाली झोपले. ती एक रात्र त्यांना दहा रात्रींएवढी लांब वाटली, म्हणून त्या पुलाचं नावच दहा रात्रींचा पूल पडलं. दाइशी अजूनही कुठल्यातरी पुलाखाली निजलेले असतील, काठीच्या आवाजानं त्यांची झोप मोडू नये, म्हणून काठी उचलायची. ओझूच्या पुलाखाली आज त्यांची आडवी निजलेली दगडी मूर्ती आहे. वरून दिवसभर वाहनं धावतात आणि खाली भाविक त्या मूर्तीवर रजया पांघरून जातात.

या यात्रेकडे मी ओढली गेले ती या कथेमुळे. तीर्थक्षेत्रांच्या कथांमध्ये चमत्कार असतात, दर्शनं असतात, नवस फळतात. इथे लोकांनी मात्र आपल्या पूर्वजांनी एका संन्याशाला दार उघडलं नाही ही गोष्ट जपून ठेवली आहे आणि प्रत्येक पुलावर ती आठवायची सोय करून ठेवली आहे. परक्या माणसाला आत घ्यायचं की नाही, हा प्रश्न ज्या वाटेच्या मुळाशी आहे, त्या वाटेवर परकी म्हणून चालून बघावं असं मला वाटलं.

शिकोकू हे जपानच्या चार मुख्य बेटांमधलं सगळ्यात लहान बेट. त्याच्या कडेनं आणि डोंगरांतून जाणाऱ्या सुमारे १,२०० किलोमीटरच्या वाटेवर ८८ देवळं आहेत. सगळी पायी केली तर सहाएक आठवडे लागतात. आता बहुतेक लोक बसनं किंवा मोटारीनं जातात. यात्रा कूकाई या बौद्ध भिक्षूच्या नावानं चालते. ते इ. स. ७७४मध्ये इथेच, आजच्या झेंत्सूजी गावी जन्मले, ८०४मध्ये चीनला गेले आणि परतल्यावर जपानमध्ये शिंगोन हा तांत्रिक बौद्ध पंथ त्यांनी रुजवला. ८३५मध्ये ते गेले. कोबो दाइशी ही पदवी त्यांना मरणोत्तर मिळाली, पण शिकोकूत त्यांना सगळे ‘दाइशी-सान’ म्हणूनच हाक मारतात, घरातल्या वडीलधाऱ्यांना मारावी तशी. यात्रेकरू एकटा चालला तरी दाइशी बरोबर असतात अशी श्रद्धा आहे, आणि ‘दोघांची वाटचाल’ अशा अर्थाची अक्षरं त्याच्या वेताच्या टोपीवर लिहिलेली असतात. काठी म्हणजेच दाइशी. म्हणून संध्याकाळी मुक्कामी पोचलं की आधी काठीचं टोक धुवायचं, मग आपले पाय.

ही यात्रा तुकड्यातुकड्यानं करायची रीतही जुनी आणि मान्य आहे. मी तशीच केली. नोव्हेंबरच्या थंडीत काही टप्पे पायी, मधले लांबचे पल्ले रेल्वेनं आणि बसनं.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याशी बांधलेलं आहे. माझं माहेर सासवडचं. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते आणि दोन रात्री मुक्काम करते. त्या दोन दिवसांत आमच्या घरी चूल विझत नसे. आई पहाटे तीनला भाकऱ्या थापायला बसायची, आजी पिठल्याचं पातेलं सांभाळायची, आम्ही मुली पाण्याचे तांबे घेऊन ओटीवर धावायचो. ओटीवर, अंगणात, गोठ्यात माणसं निजलेली असायची. म्हणजे जन्मापासून मी यात्रा पाहिली ती वाढणाऱ्याच्या बाजूनं. पुढे नोकरीत, संसारात, जमेल तिथे मदत करण्यातही मी त्याच बाजूला राहिले. ताट पुढे करून बसायची सवय मला नव्हती. परदेशात गेल्यावर ‘मन मोकळं ठेव’ असं सगळे सांगतात, आणि ते म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर नवे पदार्थ, नवे रस्ते, नवे खेळ असतात. मला शिकोकूत जे सगळ्यात अनोळखी होतं ते यांतलं काहीच नव्हतं. अनोळखी होतं ते घेणं.

शिकोकूत यात्रेकरूला वाटेत लोक काहीबाही देतात. त्या रिवाजाला ‘ओसेत्ताई’ म्हणतात. संत्री, भाताचे गोळे, चहा, कागदी रुमालांची पाकिटं, हातानं शिवलेली छोटी थैली, कधी पैसे, कधी रात्रीचा निवारा. यात्रेकरूला दिलेलं दाइशींना पोचतं, आणि जो स्वतः यात्रेला जाऊ शकत नाही तो यात्रेकरूच्या हातून आपला वाटा पाठवतो, अशी त्यामागची समजूत. म्हणून ओसेत्ताई नाकारायची नसते. हात जोडून घ्यायची आणि बदल्यात आपल्या जवळची नावाची चिठ्ठी द्यायची. या चिठ्ठ्या कागदी पट्ट्यांसारख्या असतात. त्यांवर नाव, गाव, तारीख आणि मनातली इच्छा लिहायची. पहिल्या चार फेऱ्यांपर्यंत पांढरी चिठ्ठी, मग फेऱ्या वाढतील तसे रंग बदलत जातात, आणि शंभर किंवा त्याहून जास्त फेऱ्या केलेल्याची चिठ्ठी जरीची असते.

हे सगळं मला तोकुशिमातल्या एका छोट्या मुक्कामाच्या घरी, पहिल्याच संध्याकाळी, तिथल्या मालकीणबाईंनी नीट समजावलं. ओसाकाकडून बसनं मी आले होते. १९९८मध्ये खुला झालेला आकाशी-काइक्यो पूल आणि मग आवाजी बेट ओलांडलं की शिकोकू येतं, आणि नारुतोजवळ र्योझेनजी हे पहिलं देऊळ. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जपानी चार वाक्यांपुरतं. मोबाइलवरचं भाषांतराचं ॲप आमच्यामध्ये जेवणाच्या टेबलावर पडलेलं. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून माझ्याकडून त्यांतल्या काही लिहून घेतल्या. मी नाव देवनागरीत लिहिलं. त्यांनी चिठ्ठी दिव्याजवळ धरून अक्षरांवरची रेघ बोटानं गिरवली आणि पहिली चिठ्ठी स्वतःसाठी मागून घेतली. त्यांनी मला जेवू घातलं होतं, तेव्हा ती त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी भाताच्या कापलेल्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एक आजी सायकल ढकलत येताना दिसल्या. मला बघून थांबल्या, सायकल स्टँडवर लावली, पुढच्या टोपलीतून दोन मिकान काढून दिली. मिकान म्हणजे पातळ, सैल सालीची छोटी संत्री. ती मी आनंदानं घेतली. मग त्यांनी कमरेची बटव्यासारखी पिशवी उघडली, पाचशे येनचं नाणं काढलं, कागदी रुमालात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

माझा हात पुढे होईना. आजींच्या जॅकेटच्या कोपरांना ठिगळं होती. पायांत रबरी बूट, चिखलानं भरलेले. माझ्या पाठीवरच्या सॅकची किंमत त्या नाण्याच्या कितीतरी पट होती. आपल्याकडे अशा वेळी तोंडातून आपोआप ‘नको नको, कशाला उगीच’ येतं, आणि आपण समोरच्याची मूठ दाबून बंद करतो. सासवडच्या आमच्या ओटीवर कोणी वारकरी असं करत नसे, हे मला त्या क्षणी आठवलं. तो भाकरी घ्यायचा, ‘माउली’ म्हणायचा आणि खायला बसायचा. त्याच्या घेण्यात संकोच नसायचा, म्हणून आईच्या देण्यात उपकार नसायचा. मी वाकले, ओंजळ केली, नाणं घेतलं आणि चिठ्ठी दिली. आजींनी चिठ्ठी कपाळाला लावली. मग डोंगराकडे हात करून काहीतरी सांगू लागल्या. ॲपनं तुटक भाषांतर केलं: नवरा, बारा नंबर, यंदा गुडघे. जेवढं उमगलं ते असं, की त्यांचे यजमान दर वर्षी बाराव्या देवळापर्यंत चालत जात. ते आता नाहीत आणि आजींचे गुडघे चढ चढत नाहीत. मी बाराव्याला निघाले होते.

रात्री फोनवर ताईला हे सांगितलं तर तिला पटेना.

“अगं, पैसे घेतलेस तू? म्हाताऱ्या बाईकडून?”

“घ्यावेच लागतात, ताई. इथे नाही म्हणत नाहीत.”

“मग आता त्यांचं करणार काय?”

मलाही ते कळत नव्हतं. पुढच्या मुक्कामाच्या मालकीणबाईंना विचारलं. त्या भांडी विसळत होत्या. हात पुसून म्हणाल्या, “वर पोचलात की त्यांच्या यजमानांच्या नावानं उदबत्ती लावा. पैशांचा गरम चहा प्या. तुम्हाला बरं वाटलं की त्यांना पोचलं.” त्यांच्या लेखी यात अवघड असं काहीच नव्हतं.

अकरावं देऊळ फुजिइदेरा आणि बारावं शोसानजी यांच्यामधली वाट तेरा किलोमीटरच्या आसपासची आहे, पण ती डोंगरांमागून डोंगर चढते, उतरते, पुन्हा चढते. यात्रेकरू जिथे गडगडतात अशी जागा, असंच लोक या चढाला म्हणतात. सरळसोट सुगी वृक्षांचं जंगल, ओल्या मुळांच्या पायऱ्या आणि मधूनमधून दगडी बुद्ध, ज्यांच्या गळ्यात कोणीतरी लाल लाळेरी बांधलेली. शोसानजी सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. पोचायला दिवसाचा मोठा भाग गेला. सांगितल्याप्रमाणे उदबत्ती लावली. मग यंत्रातून गरम चहाची बाटली घेतली आणि तिथल्या बाकावर बसून सगळी संपवली. पैसे घेताना आलेला अवघडलेपणा तोवर गेला होता. त्या जागी एक जबाबदारी आली होती. कुणाचं तरी काम माझ्याकडे होतं आणि ते करण्यासाठी मला वर पोचणं भाग होतं. चढावर मध्येच परत फिरावंसं वाटलं तेव्हा मला त्या नाण्यानंच पुढे नेलं.

याच डोंगराच्या पायथ्याशी एमोन साबुरोची कथा सांगतात. तो इयो प्रांतातला, म्हणजे आजच्या एहिमेतला, श्रीमंत आणि कद्रू माणूस. दारी आलेल्या भिक्षूला त्यानं पुन्हा पुन्हा हाकललं आणि शेवटी त्याचं भिक्षापात्र फोडलं. मग त्याची आठही मुलं एकेक करून गेली. भिक्षू म्हणजे दाइशी होते हे कळल्यावर तो क्षमा मागायला त्यांच्यामागे बेटाभोवती वीस फेरे फिरला, भेट झाली नाही. एकविसाव्यांदा तो उलट दिशेनं निघाला आणि शोसानजीजवळ, शेवटच्या घटका मोजत असताना, त्याला दाइशी भेटले. यात्रेचा पहिला यात्रेकरू तो, असं मानतात. म्हणजे पूल काय आणि एमोन काय, दोन्ही कथा बंद दाराच्या. शिकोकूची माणसं आज रस्त्यात थांबून संत्री देतात ती जणू त्या दाराची भरपाई म्हणून, असं मला वाटत राहिलं. तिथल्या कोणी मला तसं सांगितलं नाही. हा माझा अर्थ आहे.

जेवणाचा प्रश्न मात्र आधी सोडवायला हवा होता. आमच्या घरी आईच्या गळ्यात माळ, त्यामुळे मी शाकाहारात वाढले आणि अजून तशीच आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हे सार, आणि ते बहुतेक वेळा माशाचं असतं. कुठे सुकवलेल्या बोनिटोच्या पापुद्र्यांचं, तर शिकोकूतल्या कागावाकडे छोट्या सुक्या माशांचं. भाजी, सूप, अंड्याची वडी, सगळ्यात ते असतं. मोकळं मन म्हणजे समोर येईल ते गिळणं, असं मला वाटत नाही. आपली रेघ कुठे आहे ते आपल्याला ठाऊक असावं आणि ती समोरच्याला वेळेवर, साध्या शब्दांत सांगता यावी. मी प्रत्येक मुक्कामी आदल्या दिवशी फोन करवून घेत असे.

त्यातून एका घरी घडलेला प्रसंग मला मोलाचा वाटतो. मालकीणबाईंनी आयुष्यात बिनमाशाचं दाशी केलं नव्हतं. त्यांनी ओळखीच्या देवळातल्या स्वयंपाकघरात फोन लावला आणि भिक्षूंच्या जेवणाची रीत विचारून घेतली. कोंबू हे समुद्री शेवाळ रात्रभर गार पाण्यात भिजवायचं, सुकवलेले शिताके अळंबे वेगळ्या भांड्यात, मग दोन्ही पाणी एकत्र करून मंद आचेवर, उकळी फुटायच्या आत कोंबू काढून घ्यायचं. मला त्यांनी चुलीपाशी बोलावून वास घ्यायला लावला. त्यांनी स्वतः एक चमचा चाखला, जराशी मान तिरकी केली, सोया सॉसचे दोन थेंब टाकले, पुन्हा चाखलं. मग त्या रात्री घरातल्या सगळ्याच पाहुण्यांना तेच वाढलं: मुळ्याचे जाड काप, तिळाचं टोफू, रताळ्याचा तळलेला काप. नागोयाहून आलेले एक निवृत्त गृहस्थ वाटी संपवून आणखी मागून घेत होते. नव्याला सामोरं जाणं पाहुण्याच्याच वाट्याला येतं असं आपण धरून चालतो. त्या स्वयंपाकघरात ते मालकीणबाईंनी केलं, माझ्यापेक्षा किती तरी जास्त.

देवळांत शिरायचेही नियम आहेत. दरवाजात वाकायचं, दगडी कुंडातल्या पाण्यानं हात आणि तोंड धुवायचं, घंटेचा टोल द्यायचा. पण परतताना घंटा वाजवायची नाही, ते अशुभ. मेणबत्ती लावायची ती स्वतःच्या काडेपेटीनं, शेजारच्या जळत्या मेणबत्तीवरून ज्योत घ्यायची नाही, कारण तिच्यासोबत दुसऱ्याचं कर्मही येतं असं मानतात. दिव्यानं दिवा लावायची आपली रीत याच्या अगदी उलट. मी खिशात काडेपेटी बाळगू लागले. कोणती रीत खरी, हा प्रश्न तिथे उभं राहून सोडवायचा नसतो.

मुख्य देवळापुढे आणि दाइशींच्या देवळापुढे प्रज्ञापारमिताहृदयसूत्र म्हणतात. ते चिनी भाषांतर जपानी उच्चारांत येतं, म्हणून कानाला परकं लागतं. पण शेवटचा मंत्र आणि त्या त्या देवतेचे मंत्र मुळात संस्कृत आहेत. शेजारी उभ्या असलेल्या, बसनं आलेल्या यात्रेकरूंच्या घोळक्यात मला एकदम ओळखीचे आवाज ऐकू येत आणि मग नाहीसे होत. त्यानंतर वहीवर शिक्का घ्यायचा. पाचच्या आत पोचायला लागतं, नाहीतर खिडकी बंद. आत बसलेली व्यक्ती वहीच्या पानावर तीन तांबडे शिक्के उठवते आणि त्यांवर ब्रशनं, हात न थांबवता, काळ्या शाईत लिहिते. मधोमध देवतेचं बीजाक्षर येतं, ते सिद्धम् लिपीत. सिद्धम् ही गुप्तकाळातल्या ब्राह्मीपासून निघालेली, आपल्या नागरीची नातेवाईक. औषधींचा बुद्ध जिथे मुख्य देवता आहे त्या देवळांत ते अक्षर ‘भै’ असतं. लिहिणाऱ्या बाईंनी ब्रश वर उचलला, कागदावर शाई अजून ओली, आणि मी ते वाचून दाखवलं. त्यांनी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं आणि वही शाई टिपायच्या कागदासह माझ्या हातात देताना तेच अक्षर एकदा मोठ्यानं उच्चारलं.

या वाटेवर बायका एकट्यानं चालतात का, असं मला निघण्यापूर्वी कितीतरी जणांनी विचारलं. १९१८मध्ये कुमामोतोची चोवीस वर्षांची ताकामुरे इत्सुए या यात्रेला निघाली. वाटेत भेटलेला एक वृद्ध सोबती बरोबर होता. ती आपले अनुभव क्यूशूमधल्या एका वर्तमानपत्राला लिहून पाठवत होती आणि ते गाजत होते. पुढे याच ताकामुरेंनी जपानमध्ये स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासाचा पाया घातला. त्या काळात या वाटेवर असाध्य रोग झालेले, घरातून काढून दिलेले, परत जायला गाव न उरलेले लोक मरेपर्यंत फिरत असत. यात्रेकरूचा पांढरा सदरा हे कफन आणि काठी हा थडग्यावरचा खांब, ही कल्पना तेव्हा रोजच्या अनुभवाची होती. आज काठीच्या माथ्यावर रंगीत कापडाची टोपी असते. ती काढली की खाली पाच टप्प्यांच्या स्तूपाचा आकार कोरलेला दिसतो.

मात्सुयामाला पोचले तेव्हा पायांत गोळे आले होते. तिथलं दोगो ओनसेन हे जपानमधल्या सगळ्यात जुन्या गरम झऱ्यांपैकी एक. त्याची तीन मजली लाकडी इमारत १८९४मध्ये बांधलेली. दीर्घ दुरुस्तीनंतर २०२४मध्ये ती पुन्हा पूर्ण खुली झाली. वरच्या लाल काचांच्या मनोऱ्यात रोज सकाळी सहाला, दुपारी आणि संध्याकाळी सहाला ढोल वाजतो. आत स्त्रियांचा विभाग वेगळा, पण स्त्रियांमध्ये आडोसा नाही. सगळे कपडे उतरवून ठेवायचे आणि हातात टॉवेलचा छोटा तुकडा घेऊन आत जायचं.

आमच्या घरात बहिणी-बहिणींनीही एकमेकींसमोर कपडे बदलले नाहीत. नदीवर बायका अंघोळ करत त्या लुगड्यासकट. माझ्या पोटावर शस्त्रक्रियेचा लांब व्रण आहे, तो डॉक्टर आणि नवरा यांच्याशिवाय कोणी पाहिलेला नव्हता. दाराशी काही वेळ उभी राहिले आणि मग आत गेले.

आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ घासायचं. साबणाचा फेस एक थेंबही उरू द्यायचा नाही, मगच कुंडात उतरायचं. केस वर बांधायचे, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. शेजारी एक आजी पाठीचा कणा वाकलेल्या होत्या. त्यांची मुलगी की सून, तिनं त्यांची पाठ घासून दिली. पलीकडे एक तरुण आई बाळाच्या डोळ्यांवर हात धरून पाणी ओतत होती. कोणाच्या मांडीवर नसा फुगलेल्या, कोणाच्या छातीवर एकाच बाजूला सपाट व्रण. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि त्या न पाहण्यात टाळणंही नव्हतं. ग्रॅनाइटच्या कुंडात गळ्यापर्यंत उतरले तेव्हा पाणी इतकं कढत होतं की श्वास अडला, मग हळूहळू पोटऱ्या सैल झाल्या. वाकलेल्या आजी माझ्या बाजूला येऊन बसल्या, माझ्या पायांवरच्या फोडांकडे बोट दाखवून ‘हेन्रो?’ म्हणाल्या, म्हणजे यात्रेकरू का. मी मान हलवली. त्यांनी पाण्याखालून माझ्या पोटऱ्या दाबायला सुरुवात केली, जाणत्या हातांनी, घोट्यापासून वर. आमच्या ओटीवर आजी वारकऱ्यांचे पाय असेच दाबायची. मी पाय मागे घेतले नाहीत. चिठ्ठ्या कपड्यांबरोबर बाहेर राहिल्या होत्या, त्या मी नंतर तिथल्या चहाच्या खोलीत त्यांना शोधून दिल्या.

सगळं असं उबदारच आहे असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. २०१४मध्ये या वाटेवरच्या विश्रांतीच्या जागी कोरियन लोकांविरुद्ध मजकूर असलेले कागद चिकटवलेले सापडले. यात्रेची वाट परक्यांपासून वाचवा, असा त्यांचा सूर होता. शिकोकूत त्याचा निषेध झाला, पण कागद लावणाऱ्या हातांना ही वाटही ठाऊक होती हे विसरता येत नाही. मला त्यावर दाइशींचंच आयुष्य उत्तर वाटतं. कूकाई चीनच्या राजधानीत, छांगआनला, परदेशी म्हणून गेले होते. तिथे हुइगुओ या आचार्यांनी आपले अनेक शिष्य समोर असताना या नवख्या जपानी भिक्षूला काही महिन्यांत सगळी दीक्षा दिली आणि त्याच वर्षअखेरीस देह ठेवला. संस्कृत कूकाई तिथेच, भारतीय परंपरेतल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडून शिकले. परक्याला आत घेतलं गेलं नसतं तर शिकोकूत एकही काठी वाजली नसती.

झेंत्सूजी हे पंचाहत्तरावं देऊळ, दाइशींचं जन्मस्थान. तिथे मंदिराखाली सुमारे शंभर मीटरचा भुयारी मार्ग आहे, पूर्ण अंधाराचा. डावा हात भिंतीवर ठेवून, दाइशींचं नाव घेत चालायचं. आत शिरल्यावर डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही कळेनासं झालं. मागून एका मुलाचा रडवेला आवाज आणि त्याच्या आजोबांचं हळू आवाजातलं नामस्मरण येत होतं. मी त्यांच्या सुरात सूर मिसळला. अंधारात कोणाचा उच्चार कुठला आहे ते कोणी विचारत नाही. बाहेर आल्यावर गावातल्या दुकानात उदोन खाल्ले. सारातला मासा टाळायचा म्हणून नुसत्या सोया सॉसबरोबर, वर किसलेला मुळा. जाड, गुळगुळीत, चावताना किंचित उलटून येणारे हे गव्हाचे उदोन कागावाची शान आहेत, आणि ते तसेच साधे खावेत असं माझं ठाम मत झालं आहे.

यात्रा संपवणारे लोक समुद्र ओलांडून कोयासानला जाऊन दाइशींना सांगतात की पोचलो. मीही गेले. हा डोंगर कूकाईंना सम्राटाकडून ८१६मध्ये मिळाला. तिथल्या ओकुनोइन या स्मशानवनात दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत. त्याच्या शेवटी दाइशी समाधीत बसलेले आहेत, गेलेले नाहीत, असं मानतात, आणि रोज दोन वेळा त्यांच्यासाठी जेवणाची लाकडी पेटी उचलून भिक्षू आत नेतात. आपल्या माणसाला इथे आणखी एक ओळखीचा चेहरा भेटतो. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. महाराष्ट्र आणि इथला वाकायामा प्रांत यांच्यातल्या सहकार्यातून तो उभा राहिला आणि सप्टेंबर २०१५मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. माणसाला पाणवठ्यावरून, देवळाच्या दारातून हाकलणाऱ्या व्यवस्थेशी ज्यांनी झुंज दिली, ते या डोंगरावर उभे आहेत. पुलाखालच्या त्या रात्रीची गोष्ट ऐकून इथवर आलेल्या मला त्यांच्यापुढे बराच वेळ उभं राहावंसं वाटलं.

देवळातल्या मुक्कामी रात्रीच्या जेवणाला माझ्या समोरच्या चटईवर वाकायामातल्या आरिदा गावचे एक मिकान-बागायतदार बसले होते. त्यांच्या गावची मंडळी कित्येक पिढ्या, वसंतात, संत्र्यांची खोकी घेऊन समुद्र ओलांडून शिकोकूला जातात आणि पहिल्या देवळापाशी यात्रेकरूंना वाटतात. पूर्वी होड्यांनी जात, आता फेरीबोटीनं. जाणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत, तरुण शहरांत गेले. खोकी उचलायला, चहा ओतायला हात कमी पडतात, असं ते काळजीनं सांगत होते. मी त्यांना सासवडबद्दल, पालखीबद्दल, आमच्या ओटीबद्दल सांगितलं. त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं की वसंतात मी येईन का.

त्यांच्या वहीत मी नाव आणि फोन नंबर लिहून दिला. परत आल्यावर ताईला हे सांगितलं तेव्हा तिनं मला मध्येच थांबवून विचारलं की तिथे शेगडी आणि मोठा तवा मिळेल का. आरिदाला तसा निरोप पाठवला आहे. पीठ आम्ही इथून नेणार आहोत.